घरांतील पाण्याचा दाब : एका लहानशा झडपेची निगा

शिवणयंत्रास वेळच्या वेळीं तेल घालावें, गॅसच्या शेगडीची रबरी नळी मुदत संपण्यापूर्वीं बदलावी, पिण्याचें पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची गाळणी नियमानें नवी आणावी, हें आपल्या सुशिक्षित घरांतून आतां कोणास सांगावें लागत नाहीं. परंतु ज्या पाण्याचा घरांत दिवसभर उपयोग होतो, तें नळांत किती जोरानें उभें आहे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. मींही तो कधीं विचारला नव्हता. त्या अज्ञानाची किंमत माझ्याबरोबर माझ्या शेजाऱ्यांसही द्यावी लागली. म्हणून हा लेख.

आम्ही पुण्यांतील एका बावीस मजली इमारतींत चौथ्या मजल्यावर राहतों. दोन वर्षांपूर्वीं न्हाणीघरांतील फवाऱ्याचें पाणी फार बारीक येऊं लागलें. मीं एका नळकाम करणाऱ्या माणसास बोलावून ‘दाब वाढवून द्या’ असें सांगितलें. त्यानें नळांच्या बोळाचें, ज्यास हल्लीं सर्वजण ‘डक्ट’ म्हणतात, दार उघडलें, आमच्या नळावरील एका पितळी झडपेचा स्क्रू दोन-तीन फेरे आंत पिळला व मजुरी घेऊन तो गेला. पाणी किंचित् बरें येऊं लागल्यासारखें वाटलें. पुढें आठव्या दिवशीं पहाटे तीनच्या सुमारास स्वयंपाकघरांतील बेसिनखालची तारेच्या विणीची जोडनळी फुटली. आम्हांस जाग आली तेव्हां घरांत घोटाभर पाणी होतें, आणि तें भिंतीकडेनें झिरपून तिसऱ्या मजल्यावरील बिऱ्हाडांत उतरूं लागलें होतें. तेथील आजींच्या नित्यपाठाच्या पोथ्या भिंतींतील लाकडी कपाटांत होत्या, त्या भिजल्या. पुढचे दोन दिवस आजी पंख्याखालीं बसून एकेक पान सोडवीत होत्या. आम्हांस त्यांनीं एकही उणा शब्द लावला नाहीं. “पाणी वरून आलें, तुम्ही तरी काय करणार?” एवढेंच त्या म्हणाल्या.

मागाहून एक जाणता कारागीर आला. त्यानें आधीं स्क्रूस हात न लावतां नळास दाबमापक जोडला. कांटा पांच किलोवर जाऊन उभा राहिला. मग त्यानें झडपेच्या तोंडाशीं असलेली जाळीची गाळणी काढून माझ्या तळहातावर ठेवली. ती रेतीनें व चुन्याच्या खपल्यांनीं गच्च भरली होती. “साहेब, तुमचा दाब कधीं कमी नव्हताच, वाट बुजली होती,” असें तो म्हणाला. सर्व अनर्थाचें मूळ या एका वाक्यांत आलें.

दाब निराळा, प्रवाह निराळा

पाण्याचा दाब टाकींत पाणी किती आहे यावर अवलंबून नसतो. तें किती उंचीवर आहे यावर असतो. पास्कल या फ्रेंच पंडिताचा द्रवांच्या समतोलावरील प्रबंध त्याच्या मृत्यूनंतर १६६३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत हें तत्त्व विशद केलेलें आहे. व्यवहारापुरतें इतकेंच ध्यानांत ठेवावें, कीं दर १० मीटर उंचीस प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारें १ किलो भार पडतो. कारागीर त्यास नुसतें ‘एक किलो दाब’ म्हणतात.

दुमजली घरांत गच्चीवरील टाकीपासून तळमजल्याच्या तोटीपर्यंत सात-आठ मीटरांहून अधिक अंतर नसतें. त्यामुळें तेथें दाब एका किलोच्या आंतच राहतो, व झडपेची गरजच पडत नाहीं. उंच इमारतीची गोष्ट वेगळी. एक मजला ३ मीटरांचा धरिला, तर बावीस मजल्यांचे ६६ मीटर होतात. म्हणजे मध्यें कांहीं अटकाव नसेल तर तळमजल्याच्या तोटीवर साडेसहा किलोंचा दाब पडेल. उलट सर्वांत वरच्या मजल्यावर तो अर्धा किलोही भरत नाहीं, व तेथें पंप लावावा लागतो. घरगुती उपयोगास दोन ते तीन किलो दाब उत्तम. अमेरिकेंतील नळकामाच्या नियमांप्रमाणें दाब ८० पौंडांच्या, म्हणजे सुमारें साडेपांच किलोंच्या वर जात असेल, तर तो कमी करणारी झडप बसविणें बंधनकारकच आहे.

कोंडलेल्या पाण्याचा जोर आपल्या पूर्वजांस अपरिचित होता असें मात्र नाहीं. सन १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजच्या तलावाचें पाणी बांधीव नळानें पुण्याच्या हौदांत आणलें. त्या नळाच्या मार्गावर मधून मधून उच्छ्वास बांधलेले होते. आंत अडकलेल्या हवेस त्यांतून वाट मिळे. कोंडलेल्यास वाट ठेवावी, ही त्यांतील दृष्टि आजच्या घरांसही उपयोगी आहे.

आतां प्रवाहाचें पाहूं. देवळांतील दर्शनबारीचें दार अरुंद असलें, म्हणजे आंत माणसें एकेक करून जातात, हा झाला प्रवाह. दार बंद केल्यावर मागच्या गर्दीचा जो रेटा त्या फळीवर बसतो, तो दाब. दार अरुंद आहे म्हणून रेटा कमी होत नाहीं. गाळणी बुजली असतां तोटींतून पाणी बारीक येतें. परंतु रात्रीं सर्व तोट्या बंद झाल्यावर तेंच पाणी हळूहळू झिरपून नळांत पूर्ण दाबानें उभें राहतें. आमची जोडनळी पहाटे फुटली, त्यांत नवल नव्हतें. दिवसा बारीक धार पाहून आम्ही दाब कमी समजत होतों, आणि रात्रीं तो दुप्पट होऊन नळ्यांवर बसत होता.

झडपेची रचना

ही झडप म्हणजे मुठीएवढी पितळी वस्तु. तिच्यांत मुख्य अवयव चार : एक पोलादी स्प्रिंग, तिच्याखालीं रबराचा पडदा, पडद्यास जोडलेली चकती व चकती जिच्यावर टेकते ती बैठक. स्प्रिंग चकतीस उघडूं पाहते. झडपेच्या पुढल्या अंगाचें, म्हणजे घराकडील पाणी पडद्यावर उलट रेटा देऊन तीस मिटूं पाहतें. घरांतील दाब ठरलेल्या अंकास पोंचला, कीं दोन्ही जोर सारखे होतात व चकती बैठकीवर बसते. तोटी उघडली, कीं दाब उतरतो, स्प्रिंग जिंकते व पाणी वाहूं लागतें. वरचा स्क्रू उजवीकडे पिळला म्हणजे स्प्रिंग अधिक दाबली जाऊन घरांतील दाब वाढतो. डावीकडे सोडला म्हणजे उतरतो.

बिघाडहि याच अवयवांचे असतात. बैठकीवर रेतीचा कण अडकला किंवा ती झिजली, तर चकती नीट बसत नाहीं व तोट्या बंद असतांना दाब हळूहळू चढत जातो. हा सर्वांत फसवा दोष होय, कारण दिवसा त्याचा मागमूस लागत नाहीं. पडदा फाटला तर झडपेच्या टोपीवरील बारीक छिद्रांतून पाणी ठिबकूं लागतें. तोटी एकदम बंद केली असतां भिंतींत धक्का बसल्यासारखा आवाज येणें, तोट्यांचे वायसर वारंवार खराब होणें, शौचालयाच्या टाकींत पाणी सतत झिरपणें, हीं सर्व दाब वाढल्याचीं लक्षणें असूं शकतात. वायसर बदलून भागविण्यापूर्वीं दाब मोजलेला बरा.

वर्षांतून एकदां करावयाची तपासणी

कपडे धुण्याच्या यंत्राच्या तोटीस बसणारा दाबमापक नळसामानाच्या दुकानांत मिळतो. प्रत्येक घरीं नसला तरी प्रत्येक इमारतींत एक असावा. प्रथम गीझर बंद करून तो निवूं द्यावा. घरांतील सर्व तोट्या मिटाव्या, मापक जोडून त्याची तोटी उघडावी व अंक टिपून ठेवावा. अर्ध्या तासानें पुन्हां पाहावें. कांटा स्थिर असेल तर बैठक शाबूत आहे. तो चढत गेला असेल तर झडप दाब धरीत नाहीं. मग दुसरी एक तोटी पूर्ण उघडावी. कांटा थोडा उतरला तर तें स्वाभाविक आहे. परंतु अडीचावरून अर्ध्यावर आला तर गाळणी बुजली आहे असें समजावें. ही एवढी परीक्षा मीं आधीं केली असती, तर स्क्रूस हात लावण्याची वेळच आली नसती.

गाळणी स्वच्छ करणें कठीण नाहीं. प्रथम झडपेच्या अलीकडील बंद-तोटी मिटावी, घरांतील एक तोटी उघडून नळांतील उरलेला दाब काढून टाकावा, आणि मग पलीकडील बंद-तोटी मिटावी. नंतर गाळणीचें झांकण खोलावें, जाळी जुन्या दांत-घांसणीनें वाहत्या पाण्याखालीं धुवावी व चुन्याचा थर असल्यास ती कांहीं वेळ शिरक्यांत बुडवून ठेवावी. जेथें टँकरचें किंवा कूपनलिकेचें पाणी टाकींत पडतें, तेथें हें काम वर्षांतून दोनदां करावें. झडपेची टोपी मात्र स्प्रिंगचा ताण पूर्ण सैल केल्यावांचून कोणीही उघडूं नये. दाबलेली स्प्रिंग उसळून इजा होते. तें काम कारागिराचें.

गीझरचें एक स्वतंत्र लक्षांत ठेवावें. २५ लिटर पाणी २५ अंशांपासून ६० अंशांपर्यंत तापलें, कीं सुमारें दीड टक्का, म्हणजे लिटरच्या तिसऱ्या हिश्श्याइतकें फुगतें. झडप बसविलेल्या घरांत या वाढीव पाण्यास मागें जाण्यास वाट नसते. म्हणून गीझरच्या सुरक्षा-झडपेंतून थेंब पडतात. ते पाहून कित्येक जण त्या झडपेचें तोंडच बुजवितात. हें अत्यंत धोक्याचें आहे. तें तोंड सदैव मोकळें असावें. थेंब फारच पडत असतील तर वाढीव पाणी सामावणारी लहान टाकी बसवून घ्यावी.

झडप बदलतांना

बैठक झिजली किंवा पडदा फाटला म्हणजे झडप टाकूनच द्यावी असें नाहीं. चांगल्या बनावटीच्या झडपांचे पडदा, चकती व रबरी कडीं यांचे संच सुटे मिळतात. पितळी अंगास चीर गेली असेल, बैठकीवर खोल चरे पडले असतील, किंवा सुटे भाग मिळत नसतील, तर मात्र नवी आणावी. ती नळाच्या जाडीवरून न निवडतां घरास एका वेळीं किती पाणी लागतें त्यावरून निवडावी. गरजेपेक्षां मोठी झडप नेहमीं किलकिलीच राहते, थरथरते व तिची बैठक लवकर झिजते.

बसवितांना कारागिराजवळ उभें राहून चार गोष्टी पाहाव्या. अंगावरील बाण पाण्याच्या दिशेनें असावा. नवी झडप लावण्यापूर्वीं नळांतून पाणी सोडून आंतील कचरा वाहूं द्यावा. नाहीं तर पहिल्याच दिवशीं रेती बैठकीवर बसते. झडपेच्या दोहों बाजूंस बंद-तोटी व युनियन असावें, म्हणजे पुढच्या खेपेस नळ कापावा लागत नाहीं. आवळतांना दुसऱ्या पान्यानें नळ धरावा, कारण हल्लींचे प्लॅस्टिकचे नळ पीळ सोसत नाहींत. शेवटीं सर्व तोट्या मिटून मापकावर अडीच किलो दाब लावून घ्यावा, व तो अंक आणि तारीख झडपेस बांधलेल्या चिठ्ठीवर लिहावी.

नळांच्या बोळांतील झडपांपैकीं कांहीं एका घरच्या, कांहीं अनेक घरांच्या सामाईक असतात. सामाईक झडप कोणीही आपल्या सोयीसाठीं फिरवूं नये. एकाच्या फवाऱ्याचें सुख दुसऱ्याच्या घरांतील पूर ठरूं शकतें. आमच्या सोसायटींत आतां एक वही ठेविली आहे. प्रत्येक झडपेचा मजला, दाब व तपासणीची तारीख तींत लिहिली जाते, आणि नोंद केल्यावांचून बोळाची किल्ली कोणास दिली जात नाहीं.

आजींच्या पोथ्या वाळल्या. पण कांहीं पानांची शाई कायमची पुसली गेली. “तुम्ही तरी काय करणार?” या त्यांच्या प्रश्नाचें उत्तर मजजवळ त्या वेळीं नव्हतें. आज आहे. एक मापक, अर्धा तास आणि एक जुनी दांत-घांसणी एवढ्यानें जें झालें असतें, तें मीं केलें नव्हतें. दर वर्षीं पावसाळा संपला, कीं मी मापक घेऊन आधीं खालच्या मजल्यावर जातों, आजींच्या घरचा दाब पाहतों, आणि मग आमचा.