विश्लेषण : ‘इनलाइन’ लिहिले की प्रोग्राम वेगवान होतो?

मोबाइलच्या पडद्यावर बोट फिरवले की यादी सरकते. त्या क्षणी अ‍ॅपमधली असंख्य छोटी फंक्शन्स एकमेकांना बोलावत असतात. हे बोलावणे वाचवणारे तंत्र म्हणजे ‘इनलाइनिंग’. पण ‘इनलाइन’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक प्रोग्रामिंग भाषेत सारखा नाही.

इनलाइनिंग म्हणजे काय?

पाककृतीच्या पुस्तकात पुरणपोळीच्या पानावर ‘पुरणासाठी पान ४० पाहा’ असे लिहिलेले असते. पुरणाची कृती तिथेच छापली, तर हेलपाटा वाचतो. कम्पायलर हेच करतो. फंक्शनमधल्या सूचना तो थेट वापराच्या जागी उतरवतो. सगळ्या सूचना एकत्र दिसल्यामुळे त्याला अनावश्यक कामही गाळता येते. मोठा फायदा बहुतेकदा हाच असतो.

सी प्लस प्लसमध्ये काय होते?

इथे ‘इनलाइन’ ही आज्ञा नाही. कम्पायलर ती सूचना मोडूही शकतो. एकच व्याख्या अनेक फायलींत ठेवण्याची मुभा, हा या शब्दाचा आजचा मुख्य उपयोग. लॅम्डा, म्हणजे निनावी फंक्शन, या भाषेत २०११ मध्ये आले. प्रत्येक लॅम्डाचा टाइप वेगळा असल्याने कोणता कोड चालणार हे कम्पायलरला सहसा आधीच कळते आणि इनलाइनिंग सोपे जाते.

कोटलिन आणि जावाचे काय?

अँड्रॉइड अ‍ॅपसाठी वापरल्या जाणाऱ्या कोटलिनमध्ये हा शब्द गांभीर्याने घेतला जातो. एरवी लॅम्डासाठी ऑब्जेक्ट लागतो. ‘इनलाइन’ फंक्शनला दिलेला लॅम्डा मात्र जागेवरच उतरतो. त्यामुळे त्यातला ‘रिटर्न’ थेट बाहेरच्या फंक्शनमधून बाहेर पडतो. म्हणजे इथे वेगाबरोबर कोडचे वागणेही बदलते.

जावात असा शब्दच नाही. लॅम्डा २०१४ मध्ये आले; पण काय इनलाइन करायचे, हे हॉटस्पॉट व्हर्च्युअल मशीन प्रोग्राम चालू असताना ठरवते. अंदाज चुकला, तर ते निर्णय मागेही घेते.

मग सगळेच इनलाइन का करू नये?

प्रत्येक पानावर पुरणाची कृती छापली, तर पुस्तक जाडजूड होईल. मोठे फंक्शन शंभर ठिकाणी उतरवले, तर अ‍ॅपचा आकार फुगतो. प्रोसेसरच्या छोट्या कॅशेमध्ये कोड मावत नाही आणि वेग उलट घटू शकतो. म्हणून आधी वेग मोजावा, मगच ‘इनलाइन’ लिहावे.