लेझर मारून समुद्राचं पाणी कसं तपासतात? जाणून घ्या

२०२० मध्ये आयफोन १२ प्रोमध्ये लायडार सेन्सर आला. तो डोळ्यांना न दिसणारा लेझर सोडतो आणि प्रकाश परत यायला किती वेळ लागला, त्यावरून समोरच्या वस्तूचं अंतर मोजतो. समुद्राचं पाणी तपासायलाही लायडार वापरतात. फक्त तिथे जास्त महत्त्वाचा असतो तो परत आलेल्या प्रकाशाचा रंग.

रंगावरून काय कळतं?

नोट यूव्ही लाइटखाली धरली की तिच्यावरचे नंबर चमकतात, बघितलंय ना? प्रकाश पडतो एका रंगाचा, बाहेर येतो दुसऱ्याच रंगाचा. याला फ्लुओरेसन्स म्हणतात. पाण्यातही असंच होतं:

• सूक्ष्म शेवाळ: ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर पडला की त्यातलं हरितद्रव्य ६८५ नॅनोमीटरच्या आसपास लाल प्रकाश देतं.
• तेल: यूव्ही लेझरखाली चमकतं. डिझेल, कच्चं तेल आणि जहाजाचं जड इंधन यांची चमक वेगवेगळी, म्हणून तेलाचा प्रकारही ओळखता येतो.
• पाणी: यातून मंद सिग्नल येतो, तो सर सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेल्या रामन परिणामामुळे. वर तेल असेल तर हा सिग्नल दबतो. किती दबला, त्यावरून पातळ तवंगाची जाडी काढतात.

प्रत्यक्ष वापर कुठे होतो?

जर्मनीची डॉर्निअर २२८ विमानं असा लेझर घेऊन उत्तर समुद्र आणि बाल्टिक समुद्रावर गस्त घालतात. तेल लाटांना शांत करतं, म्हणून तवंग रडारवर काळा दिसतो. पण वारा पडला की साधं पाणीही तसंच दिसतं! मग ते खरंच तेल आहे का, हे लेझर सांगतो.

आपल्याला याचं काय?

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजं धडकली. तेल किनाऱ्यावर आणि खारफुटीत शिरलं, मासेमारीला फटका बसला. ऐन पावसाळ्यात ढगांमुळे उपग्रहाचा साधा कॅमेरा आंधळा होतो. लेझरचं विमान मात्र ढगांखालून उडू शकतं, रात्रीसुद्धा.

मर्यादा काय?

गढूळ पाण्यात लेझर फार खोल जात नाही. धुकं आणि जोरदार पाऊसही त्याला अडवतात. त्यामुळे बाटलीत नमुना भरून लॅबमध्ये तपासणं काही सुटत नाही. पण एवढ्या मोठ्या समुद्रात नमुना नेमका कुठून घ्यायचा, हे लेझर काही मिनिटांत दाखवतो.