स्मरणरंजनाचा बाजार आणि संगणकाचा इतिहास

२०१८ साली ब्रिटन आणि अमेरिकेच्या बाजारपेठेत 'सी ६४ मिनी' नावाचे एक चिमुकले यंत्र विक्रीस आले. १९८२ मध्ये अवतरलेल्या 'कमोडोर ६४' या घरगुती संगणकाची ती छोटी प्रतिकृती होती. पावाच्या डब्यासारखा तोच गोलसर आकार, तोच मातकट रंग आणि आत भरलेले चौसष्ट जुने खेळ. ज्यांचे बालपण ऐंशीच्या दशकात गेले, त्यांनी ते दूरचित्रवाणी संचाला जोडावे आणि क्षणार्धात पस्तीस वर्षे मागे जावे, अशी सारी योजना होती. एकच गोष्ट मात्र या प्रतिकृतीत नव्हती. तिचा कळफलक नुसता शोभेचा होता. त्यावरची एकही कळ दाबली जात नव्हती. काही टंकायचे असेल, तर वेगळा कळफलक आणून जोडावा लागे.

ही उणीव क्षुल्लक वाटेल. पण तिच्यात एका मोठ्या विस्मरणाची गोष्ट दडलेली आहे. मूळ कमोडोर ६४ सुरू केला की निळ्या पडद्यावर मोजक्या ओळी उमटत. 'बेसिक' ही संगणकभाषा सज्ज आहे आणि स्मृतीत ३८,९११ बाइट मोकळे आहेत, एवढेच त्या सांगत. पुढे काय करायचे, ते वापरणाऱ्याने ठरवावे आणि टंकावे. कॅसेटवरचा खेळ चालवायचा, तरी आधी आज्ञा द्यावी लागे. मासिकांत छापलेल्या आज्ञावल्या ओळीओळीने उतरवून काढताना असंख्य मुले नकळत प्रोग्रॅमिंग शिकली.

त्या काळची कमोडोरची जाहिरातही हेच सांगत असे. 'व्हिक-२०' या आधीच्या संगणकासाठी 'स्टार ट्रेक' मालिकेतील अभिनेते विल्यम शॅटनर प्रेक्षकांना विचारीत, की तीनशे डॉलरच्या आत चक्क संगणक मिळत असताना नुसता व्हिडिओ गेम कशाला विकत घेता? म्हणजे 'हा केवळ खेळ नव्हे' असे बजावून ज्या घराण्याचे संगणक विकले गेले, त्याच घराण्याची आठवण पुढे केवळ खेळ म्हणून विकली गेली. कळफलक मुका झाला आणि त्याबरोबर त्या यंत्राचा मूळ हेतूही.

आठवणींत रमणे हा काही दोष नव्हे. मात्र बाजारातील स्मरणरंजनाला एक अलिखित नियम असतो. जे नाव आज कोणाच्या तरी मालकीचे आहे आणि ज्याच्या आधारे आज काही विकता येते, तेवढीच आठवण जपली जाते. बुडालेल्या कंपन्या, कोणीही विकत न घेतलेली व्यापारचिन्हे, स्वस्त आणि सामान्य समजली गेलेली यंत्रे हळूहळू गळून पडतात. यासाठी खोटे बोलावे लागत नाही. निवड पुरेशी असते. तीच निवड वर्षानुवर्षे होत राहिली, की जाहिरातीचे कथानकच इतिहास म्हणून रूढ होते.

भूतकाळाचा असा वापर संगणक उद्योगाने अगदी सुरुवातीपासून केला आहे. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारात आणला. अवाढव्य यंत्रे बनविणारी ही कंपनी सामान्य माणसाला भीतिदायक वाटू नये, म्हणून तिने जाहिरातीत चार्ली चॅप्लिनचा 'ट्रॅम्प' उभा केला. तीच टोपी, तीच काठी, तीच फेंगडी चाल. ज्या चॅप्लिनने १९३६ च्या 'मॉडर्न टाइम्स'मध्ये यंत्राच्या दातऱ्यांत सापडलेला कामगार दाखविला, त्याचाच भाबडा नायक यंत्र विकू लागला. मूळ कलाकृतीतला टीकेचा काटा काढून टाकला आणि गोडवा तेवढा ठेवला. स्मरणरंजनाची रीत बहुधा हीच असते.

याहून बोलके उदाहरण अॅपलचे. २२ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकी फुटबॉलच्या 'सुपर बोल' सामन्यादरम्यान रिडली स्कॉट यांनी दिग्दर्शित केलेली 'मॅकिंतोश'ची जाहिरात झळकली. करड्या, निर्जीव समुदायासमोर पडद्यावरून बोलणाऱ्या हुकूमशहावर एक तरुणी घण फेकते, असे ते दृश्य. आधार अर्थातच जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' या कादंबरीचा. सामान्य माणसाच्या हाती संगणकीय स्वातंत्र्य आले ते त्या दिवशी, अशी समजूत या जाहिरातीने जगभर रुजविली. प्रत्यक्षात मॅकिंतोशची किंमत २,४९५ डॉलर होती. त्यापूर्वीच व्हिक-२० ची विक्री दहा लाखांच्या पलीकडे गेली होती आणि कमोडोर ६४ ची किंमत ५९५ डॉलरवरून सुमारे दोनशेपर्यंत घसरली होती. माऊस आणि खिडक्यांचा पडदाही मॅकिंतोशच्या फार आधीचा. डग्लस एंगलबार्ट यांनी माऊसचे जाहीर प्रात्यक्षिक डिसेंबर १९६८ मध्ये दाखविले होते आणि झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातील 'अल्टो' हा संगणक १९७३ पासून चालू होता. मॅकिंतोशचे श्रेय मोठेच आहे. पण ते आरंभाचे नव्हे.

या गोष्टीचा पुढचा भाग अधिक उद्बोधक आहे. २००४ साली मॅकिंतोशला वीस वर्षे झाल्यानिमित्त अॅपलने तीच जाहिरात पुन्हा दाखविली, तेव्हा धावणाऱ्या त्या तरुणीच्या अंगावर चित्रफितीत फेरफार करून 'आयपॉड' चढविलेला होता. ऑर्वेलच्या कादंबरीचा नायक पोटासाठी काय करतो, हे वाचकांना आठवत असेल. जुन्या वृत्तपत्रांतील नोंदी आजच्या सोयीनुसार बदलून ठेवणे, हेच त्याचे सरकारी काम! त्याच कादंबरीवर बेतलेल्या जाहिरातीच्या वाट्याला असा फेरफार यावा, हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे. ऑगस्ट २०२० मध्ये 'एपिक गेम्स' या कंपनीने अॅपलशी झालेल्या वादात हीच जाहिरात विडंबनरूपाने अॅपलवर उलटवली आणि पडद्यावरच्या हुकूमशहाच्या जागी सफरचंदाचे डोके बसविले. उसनी आठवण कोणाच्याही कामी येते, ती अशी.

गॅरेजची कथाही याच जातीची. दोन तरुण, एक गॅरेज आणि तेथून उभे राहिलेले साम्राज्य, हे चित्र आता दंतकथेच्या पदाला पोचले आहे. स्टीव्ह जॉब्स यांच्या पालकांच्या लॉस ऑल्टोस येथील घराला २०१३ साली त्या शहराच्या वारसा आयोगाने ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला. मात्र अॅपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक यांनीच २०१४ मध्ये एका मुलाखतीत सांगितले, की गॅरेजची गोष्ट ही काहीशी दंतकथाच आहे. तेथे ना आराखडे तयार झाले, ना उत्पादन. वॉझ्नियाक यांचे बरेचसे काम ते नोकरीस असलेल्या ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीतील त्यांच्या टेबलावर झाले. एका मोठ्या कंपनीतील पगारी नोकरी, तेथील उपकरणे आणि आसपासच्या हौशी मंडळींचा संघ यांच्या आधारावर ते काम उभे होते. गॅरेजच्या चित्रात यांपैकी काहीच मावत नाही.

या चित्रात न मावणाऱ्या गोष्टींत सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे किंमत. १९७५ साली 'मॉस टेक्नॉलॉजी' या कंपनीतील चक पेडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी '६५०२' हा मायक्रोप्रोसेसर अवघ्या २५ डॉलरला बाजारात आणला. स्पर्धकांच्या चिप तेव्हा याच्या कित्येक पट महाग होत्या. अॅपलचे पहिले दोन्ही संगणक, कमोडोरचा 'पेट', अटारीचे घरगुती संगणक आणि ब्रिटनचा 'बीबीसी मायक्रो' या साऱ्यांच्या मुळाशी ही एकच चिप होती. १९७७ साली अॅपल-२, कमोडोर पेट आणि टँडी कंपनीचा टीआरएस-८० असे तीन तयार संगणक बाजारात आले. त्यांपैकी अॅपल-२ ची किंमत १,२९८ डॉलर होती, तर टीआरएस-८० पडदा आणि कॅसेट रेकॉर्डरसह ५९९ डॉलर ९५ सेंटला मिळे. पहिली काही वर्षे विक्रीत आघाडी होती ती या टीआरएस-८० ची. आज त्याचे नाव किती जणांना ठाऊक आहे? तो ज्या 'रेडिओ शॅक' दुकानांतून विकला जाई, त्या दुकानसाखळीने २०१५ मध्ये दिवाळखोरी पत्करली. आठवण जपणारा धनी उरला नाही, म्हणजे आठवणही उरत नाही.

कमोडोरचे नाव मात्र उरले. कारण ते विकले गेले. मूळ कंपनी एप्रिल १९९४ मध्ये बुडाली. तिची मालमत्ता १९९५ मध्ये जर्मनीच्या एस्कॉमकडे गेली, तीही बुडाल्यावर १९९७ मध्ये नेदरलँड्सच्या ट्युलिपकडे. आणि पुढे हे नाव हातोहात फिरत राहिले. २०११ साली तर बाहेरून कमोडोर ६४ चे कवच आणि आत इंटेलचा प्रोसेसर असलेला साधा पीसीच या नावाने विक्रीला आला. विक्रीचे आकडेही आठवणीबरोबर फुगत गेले. कमोडोर ६४ चे एकूण नग कोठे १ कोटी ७० लाख, कोठे २ कोटी २० लाख, तर कोठे ३ कोटी सांगितले जातात. यंत्रांवरील अनुक्रमांक गोळा करून केलेल्या अभ्यासातून मात्र हा आकडा सुमारे सव्वा कोटी निघाला. सव्वा कोटी ही काही लहान संख्या नव्हे. तरीही खऱ्या पराक्रमावर दंतकथेची झालर चढविण्याचा मोह आवरत नाही.

येथवर हा सारा प्रकार निरुपद्रवी वाटू शकेल. जाहिरातीने थोडा इतिहास वाकविला, तर बिघडले काय? याचे उत्तर ऐंशीच्या दशकातील आणखी एका निवडीत आहे. घरगुती संगणकांच्या त्या वेळच्या जाहिरातींत पडद्यासमोर बसलेला असे तो बहुधा मुलगा. अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पदवीधरांत मुलींचे प्रमाण १९८४ च्या सुमारास ३७ टक्क्यांवर पोचले होते. पुढे ते घसरत जाऊन एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेरीस सुमारे १८ टक्क्यांवर आले. या घसरणीला एकच कारण नाही. पण संगणक हे मुलग्यांचे खेळणे आहे, हा संस्कार घराघरांत पोचविण्यास त्या जाहिरातींचा हातभार लागला, असे अनेक अभ्यासक मानतात. आज तीच जाहिरात 'रम्य बालपण' म्हणून पुन्हा दाखविली जाते, तेव्हा तो जुना पूर्वग्रहही नव्या वेष्टनात परत येतो.

भारतीय वाचकांच्या बाबतीत तर ही आठवण आणखी परकी आहे. कमोडोरची पिढी आपल्याकडे फारशी नव्हतीच. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' नावाची संगणक साक्षरता योजना सुरू केली, तेव्हा शाळांत आला तो बीबीसी मायक्रो. संगणक म्हटला की आपल्याकडील त्या पिढीला आठवते ती दाराबाहेर चपला काढून जायची वातानुकूलित खोली आणि एका यंत्राभोवती दाटीवाटीने बसलेली मुले. महाराष्ट्रात गावोगावी संगणक पोचला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, 'एमएस-सीआयटी'च्या वर्गांतून. या आठवणीची प्रतिकृती कोणी विकणार नाही. म्हणूनच ती लिहून ठेवण्याची गरज अधिक.

बीबीसी मायक्रोची गोष्ट येथे मुद्दाम सांगण्याजोगी आहे. तो कोण्या गॅरेजातून आलेला नव्हता. ब्रिटनच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने लोकांना संगणक शिकविण्याचा उपक्रम आखला, केंब्रिजच्या 'एकॉर्न' कंपनीने यंत्र बनविले आणि शाळांना ते घेता यावे म्हणून सरकारने अनुदान दिले. त्याच एकॉर्नमध्ये सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी १९८५ मध्ये 'आर्म' प्रोसेसर घडविला. आज जवळपास प्रत्येक मोबाइल फोनमध्ये त्याच घराण्याचा प्रोसेसर आहे. सार्वजनिक पैसा, शाळा आणि एक बुद्धिमान स्त्री-अभियंता यांची ही गोष्ट गॅरेजच्या कथेपेक्षा आपल्याला कितीतरी जवळची. शोध एकट्या प्रतिभावंताला लागतात असे एकदा मानले, की शाळा, संशोधन संस्था आणि स्वस्त साधने यांवरचा खर्च अनाठायी वाटू लागतो. इतिहास बदलला की धोरणही बदलते, ते असे.

आणि ज्यांनी खरा पुरावा जपायचा, त्यांची स्थिती काय? मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल अॅलन यांनी सिअॅटल येथे जुने संगणक चालू अवस्थेत ठेवणारे संग्रहालय उभारले होते. तेथे अभ्यागताला त्या यंत्रांवर बसून टंकता येत असे. महासाथीच्या काळात, २०२० साली ते बंद झाले. २०२४ मध्ये ते कायमचे बंद होत असल्याचे जाहीर झाले आणि त्यातील अनेक वस्तू 'ख्रिस्तीज'च्या लिलावात विकल्या गेल्या. एकीकडे प्रतिकृतींचा बाजार तेजीत आणि दुसरीकडे मूळ वस्तू खासगी कपाटांत, असे हे चित्र आहे.

तरीही आठवणीचा व्यापार सरसकट त्याज्य ठरविणे अन्यायाचे होईल. सी ६४ मिनीच्या मागोमाग, २०१९ च्या अखेरीस, पूर्ण आकाराची आणि चालत्या कळफलकाची आवृत्ती आली. २०२५ मध्ये ख्रिश्चन सिम्पसन या ब्रिटिश यूट्यूबकाराने कमोडोरचे नाव विकत घेण्याचा करार जाहीर केला आणि मूळ यंत्राच्या विद्युतरचनेबरहुकूम चालणारा नवा कमोडोर ६४ पुढे आणला. याहून मोलाचे उदाहरण २०१२ मधील 'रास्पबेरी पाय'चे. मुले पूर्वीसारखी प्रोग्रॅमिंग शिकत नाहीत, या चिंतेतून केंब्रिजमधील काही मंडळींनी तळहाताएवढा, ३५ डॉलरचा संगणक बनविला आणि बीबीसी मायक्रोला मानवंदना म्हणून आपल्या यंत्रांनाही 'मॉडेल ए' आणि 'मॉडेल बी' अशीच नावे दिली. त्यांनी जुन्या यंत्राचे कवच उचलले नाही. त्याचा हेतू उचलला.

जुने नाव घेऊन नवे यंत्र दारात येईल, तेव्हा ग्राहकाने दोन प्रश्न जरूर विचारावेत. हे नाव आज कोणाच्या मालकीचे आहे? आणि त्या काळी हे यंत्र ज्यासाठी घेतले जाई, ते आज त्यावर करता येते का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळविणे अगदी सोपे आहे. एखादी कळ दाबून पाहावी.