रानटी टर्कीचा पिसारा कसा टिकवतात

पक्ष्याचे पीस केराटिन या चिवट प्रथिनाचे बनलेले असल्यामुळे ते सहजासहजी कुजत नाही. कुजते ते पिसांच्या मुळाशी चिकटलेले मांस आणि चरबी. अमेरिकेतील शिकारी रानटी टर्कीची स्मृतिचिन्हे घरच्या घरी जतन करू शकतात, ते याच कारणामुळे. संपूर्ण पक्ष्यात पेंढा भरणे, म्हणजे टॅक्सिडर्मी, हे कसबी कारागिराचे काम असले, तरी पिसारा, दाढी आणि पायाचा काटा नवख्यालाही टिकवता येतो.

अनिर्बंध शिकार आणि जंगलतोड यांमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी हा पक्षी अमेरिकेच्या मोठ्या भागातून नाहीसा झाला होता. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कर वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला, जाळ्यांत पकडलेले रानटी पक्षी नव्या प्रदेशांत सोडले गेले, आणि आज तेथे त्यांची संख्या काही दशलक्ष आहे. एवढ्या कष्टाने परत आणलेल्या पक्ष्याची शिकार परवाना आणि हंगाम पाळून होत असेल, तर त्याचा पिसारा निष्काळजीपणाने सडू देणे हे अधिकच अनुचित ठरते.

पिसाऱ्यात साधारणपणे 18 मोठी पिसे असतात. प्रौढ नरात ती जवळजवळ सारख्या लांबीची असतात, तर वर्षभराच्या नराची मधली पिसे इतरांहून लांब असतात. टोकांचा रंग पूर्वेकडील उपजातीत तपकिरी, तर पश्चिमेच्या डोंगरांतील मेरियम उपजातीत पांढरट असतो, त्यामुळे पिसाऱ्यावरून पक्ष्याचे वय आणि प्रदेश दोन्ही ओळखता येतात. शेपूट कापताना पिसांना धरून ठेवणारा मुळाचा भाग अखंड ठेवावा लागतो, अन्यथा पिसे सुटी होतात. त्यानंतर पिसांच्या देठांमधील मांस, चरबी आणि वरच्या बाजूची तैलग्रंथी खरवडून काढतात. हे काम कंटाळवाणे असले तरी सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण मागे राहिलेली चरबी पुढे पिसांवर उतरून डाग पाडते आणि किड्यांना बोलावते. मग उघड्या भागात बोरॅक्स, म्हणजे टाकणखार, चोळतात. तो ओलावा शोषतो आणि किड्यांनाही दूर ठेवतो. पिसारा पुठ्ठ्यावर पसरून टाचण्यांनी स्थिर करतात आणि काही आठवडे वाळू देतात. एकदा वाळलेला पिसारा पुन्हा वळवता येत नाही, म्हणून दोन्ही बाजूंचा तोल टाचण्या लावतानाच साधावा लागतो.

छातीवर लोंबणारी दाढी ही केसांसारखी दिसत असली तरी ती पिसांचेच रूपांतर असते. मुळाशी थोडी कातडी ठेवून ती कापतात आणि टाकणखारात वाळवतात. पायामागच्या काट्यासाठी पायाच्या हाडाचा छोटा तुकडा कापून त्यातील मगज काढून टाकतात.

भिंतीवर लावलेल्या पिसाऱ्याला उन्हाने रंग उडण्याचे आणि कसर लागण्याचे भय कायम असते. म्हणून थेट उजेड टाळून तो वेळोवेळी तपासावा. जुन्या काळी कातडी टिकवण्यासाठी आर्सेनिकयुक्त साबण वापरत असल्यामुळे वारशाने आलेले जुने नमुने मात्र उघड्या हातांनी झटकू नयेत.