सोवाजची नक्कल : अत्तरवाल्याची कुपी घ्यावी का?

जावयाच्या पहिल्या दिवाळसणाला काय द्यायचे, हा प्रश्न आपल्या मंडळातल्या दोन-चार घरांत दर वर्षी असतोच. यंदा एका घरी फर्माईश आली ती 'सोवाज' सेंटची. दिऑर कंपनीने तो २०१५ साली बाजारात आणला. १०० मिलीची बाटली दहा हजारांच्या घरात जाते. चारमिनार-पथरगट्टी भागातले अत्तरवाले त्याच धाटणीचे तेल तोळ्यावर देतात, तेही काहीशे रुपयांत. मग आम्ही चौघांनी दोन्ही ताडून पाहायचे ठरवले.

मॉलमधल्या काउंटरवर डाव्या मनगटावर मूळ सेंट मारून घेतला, उजव्यावर तेलाचा एक थेंब. मनगटे चोळायची नाहीत. दहा मिनिटांनी, दोन तासांनी आणि संध्याकाळी वास घ्यायचा.

पहिल्या दहा मिनिटांत नक्कल उघडी पडली. मूळ सेंटमध्ये अल्कोहोल भरकन उडते आणि बर्गमोट या लिंबूवर्गीय फळाचा तजेला बरोबर घेऊन येते. तेल जागचे हलत नाही, त्यामुळे सुरुवातच जड वाटते. दोन तासांनी मात्र आम्ही गोंधळलो. सोवाजचा खालचा वास मुख्यतः अँब्रॉक्सनचा. हे रसायन प्रयोगशाळेत तयार होते आणि कोणीही विकत घेऊ शकतो. मूळच्या इतके जवळ जाता येते ते त्यामुळेच. संध्याकाळी तेल त्वचेवर टिकून होते, पण नाक जवळ नेल्यावरच कळत होते. आमच्यातल्या एकाला अँब्रॉक्सन जवळजवळ जाणवलेच नाही. काही नाकांचे तसे असते, तेव्हा परीक्षेला एकटे बसू नये.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. मिळताजुळता वास वेगळा आणि दिऑरचे नाव, खोके छापून विकलेली बाटली वेगळी. दुसरा प्रकार १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हा आहे. आणि सुट्या कुपीवर उत्पादकाचा पत्ता, बॅच क्रमांक, मुदत यातले काहीच नसते. म्हणून कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून एक दिवस वाट पाहावी. बर्गमोटच्या अशुद्ध तेलात बर्गॅप्टेन असते. ते लावून उन्हात गेल्यास त्वचेवर काळे डाग पडू शकतात. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात मानेला लावणे टाळलेलेच बरे. रेशमी कुडत्यावर तर तेलाचा डाग पडतोच, तो निघत नाही.

शेवटी जावयाला मूळ सेंटची लहान बाटली गेली. नकली तेलाची कुपी सासरेबुवांनी ठेवून घेतली, रोज कानामागे लावतात. आमचे मत विचाराल तर त्याच पैशांत कनौजचे खस किंवा मिट्टी अत्तर थोडेसेच का होईना, घ्यावे. त्याला कोणाची नक्कल करावी लागत नाही.