बिनतारी यंत्रांचे समान पत्ते : दोषाचे मूळ व परिहार

रत्नागिरीच्या एखाद्या आमराईत पावसाळ्यातील आर्द्रतेची नोंद घेण्यासाठी लिनक्स प्रणालीवर चालणारे तीन एकफलकी संगणक माथ्यावर, उतारावर व पायथ्याशी ठेवले आहेत, अशी कल्पना करू. प्रत्येक संगणक एकेकटा चालविला असता निर्दोष ठरतो. तिन्ही एकदम चालू होताच मात्र त्यांची वाय-फाय जोडणी आळीपाळीने तुटू लागते. दोष पुष्कळदा राउटरचा किंवा हवामानाचा मानला जातो. वस्तुतः तिघांचा मॅक पत्ता एकच आहे काय, हे प्रथम पाहिले पाहिजे.

मॅक पत्ता ४८ बिटांचा, म्हणजे सहा अष्टकांचा असतो. सामान्यतः त्यातील पहिली तीन अष्टके आयईईई ही संस्था उत्पादकास नेमून देते. उरलेल्या तिहींतून उत्पादकास १,६७,७७,२१६ भिन्न पत्ते देता येतात. राउटर प्रत्येक यंत्र या पत्त्यावरून ओळखतो व सांकेतिक संदेशनाची किल्लीही त्याच पत्त्याशी निगडित ठेवतो. साहजिकच त्याच पत्त्याचे दुसरे यंत्र आले की पहिल्याची जोडणी मोडते. नोंदी साठविणारा संगणकही याच पत्त्यावर विसंबून असेल, तर माथ्यावरील व पायथ्याची मापे एकाच नावाखाली मिसळतात. नोंद हरवली तर ती निदान रिकामी दिसते. मिसळलेली नोंद मात्र खरी भासते, आणि गेलेला पावसाळा पुन्हा मोजता येत नाही.

या दोषाची दोन प्रमुख कारणे आढळतात. काही फलकांवरील ब्रॉडकॉम चिपला तिचा पत्ता चालकासोबतच्या एका मजकूर-फाइलीतून मिळतो. त्या फाइलीत ००:९०:४सी:सी५:१२:३८ हा नमुन्याचा पत्ता तसाच राहिला, तर ती फाइल वापरणारे सारे फलक तोच पत्ता धारण करतात. दुसरे कारण आपल्याच हातचे होय. एक मेमरी कार्ड सिद्ध करून त्याच्या प्रती काढल्या, की त्यातील यंत्र-ओळख व नेटवर्क मॅनेजरची गुप्त किल्लीही प्रतींत उतरते. पत्ता या सामग्रीवरून निर्माण होत असेल, तर प्रत्येक प्रत तोच पत्ता निर्माण करते.

यावरून परिहाराचे तत्त्व स्पष्ट होते : ओळख कार्डातून न घेता फलकातून घ्यावी. २०१२ मध्ये निघालेल्या मूळ रास्पबेरी पायच्या तारेच्या जोडणीत हेच केलेले आहे. तेथे बी८:२७:ईबी या आरंभानंतरची तीन अष्टके फलकाच्या अनुक्रमांकातून येतात.

प्रत्यक्ष कृती अशी. एका वेळी एकच फलक चालू करून त्याचा पत्ता व अनुक्रमांक टिपून घ्यावा. अनुक्रमांक खरोखर भिन्न आहेत, याची खात्री करावी. त्यावरून हॅश काढून त्याची पहिली सहा अष्टके घ्यावीत. पहिल्या अष्टकातील शेवटचा बिट शून्य करावा, म्हणजे पत्ता एकाच यंत्राचा ठरतो. त्याच्या डावीकडील बिट एक करावा, म्हणजे तो स्थानिक रीतीने दिलेला ठरतो व कोणत्याही उत्पादकाच्या पत्त्यावर अतिक्रमण करीत नाही. उदाहरणार्थ, ५डी म्हणजे ०१०१११०१. या दोन बदलांनंतर ते ०१०११११०, म्हणजे ५ई होते.

हा पत्ता एकाच ठिकाणी नोंदवावा : नेटवर्क मॅनेजरच्या जोडणीत, सिस्टमडीच्या लिंक-फाइलीत, अथवा उपरोक्त मजकूर-फाइलीत. दोन ठिकाणी भिन्न पत्ते लिहिल्यास एक दुसऱ्यास पुसून टाकतो. लिंक-फाइलीत जोडणी जुन्या पत्त्यावरून ओळखू नये. तो पत्ताच तर संशयास्पद आहे. पुढे प्रती काढण्यापूर्वी मूळ कार्डातील यंत्र-ओळखीची फाइल रिकामी करावी व गुप्त किल्ली काढून टाकावी. पहिल्या आरंभाच्या वेळी प्रणाली ती नव्याने निर्माण करते.

शेवटी सर्व फलक एकदम चालू करून राउटरवरील यादी मोजावी. जितके फलक, तितके पत्ते दिसले, तरच मापनास प्रारंभ करावा. अर्थात ही मोजणी मृग नक्षत्रापूर्वी उरकलेली बरी.