दोन सायकलस्वारांत सरस कोण?

तळेऱ्याहून वैभववाडीमार्गे गगनबावड्याला जाणारा रस्ता आधी सखल भागातून जातो आणि मग करूळ घाट चढतो. समजा, या भागातील एखाद्या शाळेला अनेक टप्प्यांच्या सायकल शर्यतीसाठी एकच विद्यार्थी पाठवायचा आहे आणि इच्छुक दोघे आहेत. एकदाच शर्यत लावून पहिल्या आलेल्याला निवडणे सोपे आहे. पण त्यातून दोघांची तयारी खरोखर कळते का?

चढावरचे गणित

चढावर सायकलस्वाराची बरीचशी शक्ती स्वतःचे व सायकलीचे वजन वर नेण्यात खर्च होते. एकूण वस्तुमान, गुरुत्वत्वरण (९.८) व चढाची उंची यांच्या गुणाकाराला वेळेने भागले, की ही शक्ती वॅटमध्ये मिळते. घर्षण व हवेचा विरोध तूर्त बाजूला ठेवू.

'अ' चे वजन ५० किलो, सायकल १४ किलो. ३०० मीटर उंचीचा चढ तो २० मिनिटांत चढला. त्याची शक्ती सुमारे १५७ वॅट. 'ब' चे वजन ६५ किलो, सायकल तशीच. त्याला २१ मिनिटे लागली. त्याची शक्ती सुमारे १८४ वॅट. म्हणजे मागे राहिलेल्या 'ब' ची शक्ती अधिक आहे! मात्र शरीराच्या दर किलोमागे 'अ' ची शक्ती ३.१ वॅट, तर 'ब' ची २.८ वॅट भरते. घाटात हा दुसरा आकडा महत्त्वाचा ठरतो.

सपाटीवर चित्र बदलते. तेथे मुख्य अडथळा हवेचा. वारा नसताना वेग दीडपट करायचा, तर हवेला तोंड देण्यासाठी सुमारे ३.४ पट शक्ती लागते. वजनदार मुलाला हवेचा विरोध वजनाच्या प्रमाणात वाढून होत नाही. म्हणून तेथे 'ब' पुढे जाण्याचा संभव अधिक. तेव्हा सरस कोण, याचे उत्तर शर्यतीचा मार्ग पाहूनच द्यावे लागते.

आजचा आकडा, उद्याची शर्यत

कसून सराव केल्यावर शरीराची क्षमता वाढते, तसा थकवाही साठतो. थकवा लवकर उतरतो, कमावलेली क्षमता सावकाश कमी होते. म्हणूनच मोठ्या शर्यतीआधी एक-दोन आठवडे खेळाडू सरावाचे अंतर कमी करतात. जोर मात्र टिकवून ठेवतात. ऐन सरावाच्या आठवड्यात घेतलेली चाचणी क्षमता कमी दाखवू शकते.

जगातील अव्वल सायकलपटूंच्या बाबतीतही असे अंदाज चुकतात. जून २०२५ मध्ये फ्रान्समधील दोफिने शर्यतीत १७.४ किलोमीटरच्या एकट्याने धावण्याच्या टप्प्यात डेन्मार्कचा योनास विंगेगार्ड स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारपेक्षा २८ सेकंदांनी सरस ठरला. दोनच दिवसांनी डोंगरी टप्प्यात पोगाचारने त्याला सुमारे एक मिनिटाने मागे टाकले. पुढे जुलैमध्ये टूर द फ्रान्समध्ये कान येथील ३३ किलोमीटरच्या तशाच एकट्याच्या टप्प्यात पोगाचार ६५ सेकंदांनी पुढे होता, आणि ती संपूर्ण शर्यत त्याने ४ मिनिटे २४ सेकंदांच्या फरकाने जिंकली. केवळ जूनमधील त्या एका टप्प्यावरून भाकीत करणारा फसला असता.

करून पाहा

वाहनांची वर्दळ नसलेला एखादा चढ निवडावा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरील समोच्च रेषांवरून त्याची उंची काढावी. प्रत्येक विद्यार्थ्याला निदान तीन वेगवेगळ्या दिवशी, पुरेशा विश्रांतीनंतर, एकाच सायकलीवरून चढवावे. वाऱ्याची दिशा व वेळ यांची नोंद ठेवावी. सपाट रस्त्यावरही अशीच चाचणी घ्यावी.

आता आधी एकाच विद्यार्थ्याच्या तीन वेळा शेजारी मांडा. त्यांत ४० सेकंदांचा फरक येत असेल, तर दोन विद्यार्थ्यांमधील २० सेकंदांच्या फरकावरून निवड करता येणार नाही. अशा वेळी दोघांना समान मानून आणखी संधी देणे, हाच शास्त्रीय निर्णय होय. एका चाचणीतील एका गुणाने मुलांचा क्रम लावतानाही आम्हा शिक्षक-संशोधकांना हे लक्षात ठेवावे लागेल.